युद्ध संपवण्यासाठी अणुबॉम्ब टाकणं समर्थनीय ठरू शकतं का?

माझ्या मते नाही. हिरोशिमाही त्याला अपवाद नाही.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की बॉम्ब टाकला नसता तर अमेरिकेला जपानवर चढाई करावी लागली असती आणि त्यात कितीतरी जास्त माणसं गेली असती. हा युक्तिवाद पोकळ नाही. 1945 मध्ये ओकिनावाच्या लढाईत सैनिक तर मेलेच, सामान्य नागरिकही लाखाच्या घरात गेले. चीनमध्ये, आग्नेय आशियात जपानी अंमलाखाली माणसं रोज मरत होती. आपल्या अंदमानातही 30 जानेवारी 1944 ला हेरगिरीचा आळ घेऊन जपान्यांनी होम्फ्रेगंजला 44 भारतीयांना गोळ्या घातल्या. युद्ध एक दिवस जरी आधी थांबलं असतं तरी कोणाचे तरी प्राण वाचले असते, हे मला मान्यच आहे.

पण बॉम्ब कुठे टाकायचा हे कसं ठरलं, ते बघा. 31 मे 1945 ला अमेरिकेचे युद्धमंत्री स्टिमसन यांच्या समितीत असं ठरलं की सगळ्यात योग्य लक्ष्य म्हणजे भरपूर कामगार असलेला आणि कामगारांच्या घरांनी वेढलेला युद्धसामग्रीचा कारखाना. म्हणजे घरं चुकून सापडली नाहीत, ती हिशोबातच होती. 6 ऑगस्टला हिरोशिमात नेम धरला तो शहराच्या मधोमध असलेल्या आयोई पुलावर. बॉम्ब फुटला शिमा नावाच्या दवाखान्यावर, साधारण 600 मीटर उंचीवर. सकाळचे सव्वाआठ झाले होते. आगी पसरू नयेत म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे करायच्या कामावर शाळेतली मुलं लावलेली होती, त्यातली हजारो उघड्यावरच गेली. आणि 9 ऑगस्टच्या भाषणात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन हिरोशिमाला ‘लष्करी तळ’ म्हणाले. तिथे लष्कराचं मुख्यालय होतं, हे खरं आहे.

मी नागपूरचा. आमच्या बर्डीचा किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे. वायुसेनेची मेंटेनन्स कमांड इथेच, कामठीला छावणी आहे, आणि अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीभोवती डिफेन्सच्या क्वार्टर आहेत. समितीच्या त्या वर्णनात आमचं गाव चपखल बसतं. बर्डीच्या किल्ल्यापासून दीड किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर रेल्वे स्टेशन, महाराजबाग, मॉरिस कॉलेज आणि धंतोलीतले दवाखाने त्यात येतात. हिरोशिमात एवढ्या परिघात जवळजवळ काहीच उरलं नाही, आणि शहरातले बहुतेक डॉक्टर-नर्स मेले किंवा जखमी झाले. त्यामुळे जे वाचले त्यांना औषधपाणी करायलाही कोणी नव्हतं. 1945 संपेपर्यंत मृतांचा आकडा सुमारे 1,40,000 वर गेला. किल्ल्यात पलटण आहे म्हणून हे सगळं चालतं, असं बर्डीच्या बाजारात उभं राहून मला म्हणता येणार नाही. मग हिरोशिमाबद्दल तरी कोणत्या तोंडाने म्हणू?

नागासाकीचं समर्थन तर आणखी अवघड आहे. 9 ऑगस्टला पहिलं लक्ष्य कोकुरा शहर होतं, तिथे नीट दिसेना म्हणून विमान नागासाकीकडे वळलं. त्याच वेळी टोकियोत जपानच्या युद्धमंडळाची बैठक चालू होती. आदल्या दिवशी सोव्हिएत संघाने युद्ध पुकारलं होतं आणि त्याचं सैन्य मांचुरियात शिरलं होतं. नागासाकीची बातमी बैठकीतच पोचली, तरी शरणागतीच्या अटींवरून मंडळ तीनास तीन असंच अडलेलं राहिलं. शेवटी रात्री सम्राटाने शरण जायचा कौल दिला. बॉम्बचा परिणाम झालाच नाही असं मी म्हणत नाही, 15 ऑगस्टच्या भाषणात सम्राटाने नव्या क्रूर बॉम्बचा उल्लेख केला आहे. पण जपानी सरकारची मोठी अट होती सम्राटाचं पद टिकण्याची. जपानला शरण यायला सांगणाऱ्या 26 जुलैच्या पॉट्सडॅम जाहीरनाम्यात त्याबद्दल एक शब्द नव्हता, आणि युद्धानंतर ते पद राहू दिलंच. एवढी हमी आधी का दिली नाही? ‘बॉम्ब किंवा चढाई’ असे दोनच रस्ते होते असं म्हणणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

भारताबद्दलही तुम्ही विचारलंय. आपण आधी अण्वस्त्र वापरणार नाही, हे 2003 च्या धोरणात लिहिलेलं आहे आणि ते तसंच राहावं असं मला मनापासून वाटतं. पण त्याच धोरणात आपल्यावर अण्वस्त्रांचा हल्ला झाला तर प्रचंड प्रतिहल्ला करू, असंही आहे. तो प्रतिहल्ला पलीकडच्या एखाद्या शहरावर होणार असेल, तर आमच्या नागपुरावर बॉम्ब पडल्यानंतरसुद्धा मी त्याला योग्य म्हणणार नाही.