आजचा सुविचार : तूरडाळ दोन किलो

यावेळी आलेल्या पत्रांमधली तीन पत्रं एकाच विषयावरची निघाली, फजितीवरची, म्हणून ती एकत्र घेतलीयेत आणि बाकीची पुढच्या अंकात. नावं आणि शाळा नेहमीप्रमाणेच छापत नाही.

प्रश्न : ताई, मी नववीत आहे, मिरजेला राहते. ३ जानेवारीला शाळेत बालिका दिनाचा कार्यक्रम होता आणि परिपाठ आमच्या वर्गाकडे होता, त्यात सुविचार आणि दिनविशेष माझ्याकडे. मी आदल्या रात्री सगळं एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवून ठेवलं, सकाळी विसरायला नको म्हणून, आणि आईने रात्री मागच्या कोऱ्या बाजूला वाण्याची यादी लिहून ठेवली. सकाळी मी कागद घडी करून खिशात टाकला. स्टेजवर मोठ्या बाई होत्या, पाहुण्या होत्या, समोर अख्खं मैदान भरलेलं. मी माइकवर मोठ्याने म्हटलं ‘आजचा सुविचार’ आणि कागद उघडून जे समोर आलं ते वाचलं, तूरडाळ दोन किलो, अंगाचे साबण तीन. साबण म्हटल्यावर कळलं काय चाललंय ते. आधी एकदम शांतता आणि मग सगळं मैदान हसायला लागलं, पाहुण्यापण. मग मी कागद उलटा केला, सुविचार आणि दिनविशेष वाचला आणि खाली आले.

तेव्हापासून माझं नाव तूरडाळ. रिक्षावाले काकासुद्धा ‘चला तूरडाळ, लवकर’ म्हणतात. माझ्या बेस्ट फ्रेंडने माझ्या फोटोवर कुकर लावून स्टिकर बनवलंय आणि ते दहावीच्या मुलांपर्यंत गेलंय.

त्यात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईने सगळ्या बायकांना ही गोष्ट ॲक्शनसकट सांगितली, मी तिथेच सगळ्यांच्या हातात वाण देत उभी होते. मला इतका राग आला की आतल्या खोलीत जाऊन दुसऱ्या एका मैत्रिणीला टाइप केलं, ‘मोठ्या काकूचा तिळाचा लाडू फोडायला खलबत्ता लागतो, ते का नाही सांगत आई बायकांना’, आणि ते गेलं आमच्या फॅमिली ग्रुपवर. मी लगेच डिलीट केलं, पण घाईत ‘डिलीट फॉर मी’ झालं हे मला माहीतच नाही, माझ्या फोनवरून गेलं म्हणजे गेलं असं वाटलं. तासाभराने काकांनी ग्रुपवर खलबत्त्याचा फोटो टाकला, खाली सगळे हसताहेत, मला काही कळेना म्हणून मीपण हसायचा इमोजी टाकला. रात्री चुलतभावाचा फोन आला तेव्हा कळलं. आजोबांनी आजीला मोठ्याने वाचूनपण दाखवलं होतं. काकू काहीच बोलली नाही, पण तेव्हापासून ती आमच्याकडे आली नाहीये. ताई, दहावीला शाळा बदलता येईल का? आणि काकूचं काय करू?

उत्तर : अगं, आधी काकूचं बघू, कारण ते खरं महत्त्वाचं आहे.

‘डिलीट फॉर मी’ ही चूक इतक्या जणांची होते की व्हॉट्सॲपने डिसेंबर २०२२ मध्ये खास त्यासाठी ‘अनडू’ दिलं. चुकून ते बटण दाबलं गेलं तर पाच सेकंदांत मेसेज परत आणता येतो आणि मग सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. आणि ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ला आता दोन दिवसांपेक्षा जास्त वेळ मिळतो. हे पुढच्या वेळेसाठी सांगितलं. पण खरं सांगू का, तू तो मेसेज वेळेत उडवला असतास तरी काकूने तो आधीच वाचलेला असू शकला असता. आणि आता ग्रुपवर सॉरी लिहून, हात जोडलेले इमोजी टाकून हे मिटणार नाही, कारण काकूला जे लागलं ते सगळ्यांसमोर लागलंय आणि त्यावर सगळे हसले. तू मैदानात उभी होतीस तेव्हा तुला जसं वाटलं ना, अगदी तसंच तिला घरबसल्या फोनवर वाटलं असणार. हे तुझ्याएवढं दुसऱ्या कुणाला कळणार?

तर रविवारी सकाळी एकटी जा, आईला घेऊन जाऊ नकोस. चहा होईपर्यंत थांबू नकोस, दारातच सांग की काकू मी जे लिहिलं ते तुला लागेल असं होतं, माझा राग दुसऱ्याच गोष्टीचा होता आणि तो तुझ्यावर निघाला. ‘चुकून ग्रुपवर गेलं’ हे सांगायचं नाही, कारण मग त्याचा अर्थ एवढाच होतो की पाठीमागे बोलले असते तर चाललं असतं. आणि तिला म्हण की मला लाडू शिकव. हे मी उगाच गोड वागायला सांगत नाहीये. तिळाचे लाडू कडक का होतात हे एकदा हातात कढई घेतल्याशिवाय कळत नाही. चिक्कीचा गूळ घेतला की लाडू कडकच होतो, मऊ हवा असेल तर साधा गूळ लागतो, आणि पाक वाटीतल्या पाण्यात टाकून बघायचा, मऊ गोळी झाली की गॅस बंद, मिनिटभर पुढे गेला की संपलं. वर तीळ घातल्यावर ते मिश्रण हाताला चटके देतं आणि गरम असतानाच वळावं लागतं, गार झालं तर वळतच नाही. माझ्या सासूबाईंच्या तळहाताला संक्रांतीच्या आठवड्यात कायम लाल चट्टे असायचे, हाताला तूप लावलं तरी. तुझ्या काकूने सगळ्या घराला पुरतील इतके लाडू वळले असतील. ते एकदा तिच्या शेजारी उभं राहून बघ.

आता मैदानाचं. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ साली लिहून ठेवलंय की तुझ्या वयात माणसाला आपल्याभोवती सतत प्रेक्षक बसलेत असं वाटतं, जे खरं तर तिथे नसतात. पुढे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, तो २००० साली छापून आला. कॉलेजच्या मुलांना एका गायकाचा मोठा फोटो असलेला टीशर्ट घालायला लावला, असा की तो घालायची त्यांना लाजच वाटावी, आणि दुसऱ्या मुलांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. मग विचारलं, किती जणांनी बघितलं असेल? त्यांना वाटलं जवळपास निम्म्यांनी. प्रत्यक्षात जेमतेम पाव जणांच्या लक्षात आलं होतं.

तू म्हणशील ताई माझं तसं नाही, माझं सगळ्यांनी ऐकलं आणि अजून चिडवतात. बरोबर आहे, ते मी नाकारत नाही. पण तुझ्या पत्रात एक वाक्य आहे ते मी तीनदा वाचलं. ‘मग मी कागद उलटा केला, सुविचार आणि दिनविशेष वाचला आणि खाली आले.’ एवढंसं वाक्य, आणि लगेच तू तूरडाळीवर गेलीस. अगं बाई, अख्खं मैदान हसत असताना तू कागद उलटा केलास! माइक बाईंच्या हातात देऊन रडत खाली पळाली नाहीस. ३ जानेवारी १८३१ ला नायगावात सावित्रीबाई जन्मल्या, हेच होतं ना दिनविशेषात? ते तू त्या हसण्यावर वाचून दाखवलंस. मला नसतं जमलं, तुझ्या वयात तर नक्कीच नाही. तुझ्या आईने हळदीकुंकवाला हा भाग सांगितला का? मला वाटतं तिला तो माहीतच नसेल, कारण तू तिलाही तूरडाळीपर्यंतच सांगितलं असशील. आज रात्री सांग तिला. आणि हेही सांग की मी समोर असताना माझी गोष्ट मला न विचारता सांगू नकोस.

शाळा बदलायचा विचार सोडून दे. दहावीच्या वर्षी नवे शिक्षक, नवा रस्ता, नव्या मैत्रिणी, एवढं सगळं एका डाळीसाठी कशाला. रिक्षावाल्या काकांना सरळ म्हण, काका मला माझ्या नावाने हाक मारा. ते ऐकतील, त्यांनी ते प्रेमानेच धरलं असणार. स्टिकरचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. मैत्रिणीला भेटून सांग की ते काढ, आणि तरीही ते फिरत राहिलं, कुणी त्यात अजून घाण काही केलं, तर बाईंना आणि आईला दाखवायचं, थांबायचं नाही. घरी बोलायची सोय नसेल अशा मुलामुलींसाठी १०९८ ही चाइल्डलाइन आहे, फोन फुकट आहे आणि चोवीस तास चालू असतो.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. पूर्वी शाळेतून आली की दप्तर खाली ठेवायच्या आधी बोलायला सुरुवात व्हायची, कुणाचा डबा सांडला, पीटीला कुणाचा बूट उडाला. आता विचारलं तर ‘काही नाही’ एवढंच. मध्यंतरी तिची एक गंमत मी भिशीत सांगितली होती, तीही अगदी कौतुकाने. तेव्हापासून असं झालंय का? – एक आई, ठाणे

उत्तर : हो, मला तसंच वाटतं. तुम्ही कौतुकानेच सांगितलं यात शंका नाही, मिरजेच्या आईनेही कौतुकानेच सांगितलं असणार. पण मुलीने ती गंमत एका माणसाला सांगितली होती, ती दहाजणींची झाली. लहानपणी आपण त्यांच्या सगळ्या गोष्टी सांगतो, पहिलं पाऊल, बोबडे बोल, आणि ती सवय आपल्याला लागते, मूल तेरा वर्षांचं झालं हे आपल्या जिभेला उशिरा कळतं. तिला जाऊन सांगा की मी तुला विचारायला हवं होतं. लगेच बोलायला लागेल अशी अपेक्षा ठेवू नका, आणि ‘आता तरी सांग’ असं तर मुळीच नको. तुमच्या ऑफिसमधली किंवा स्वयंपाकघरातली आजची एखादी फजिती तिला सांगा, रोज, कणीक मळता मळता. एक दिवस तीही सांगेल. ती भिशीत न्यायची नाही, स्टेटसलाही ठेवायची नाही.

प्रश्न : मी मैत्रिणीचा झोपेतला फोटो काढून स्टिकर केलं, सहलीच्या बसमधला, तोंड उघडं असलेला. मला वाटलं ती हसेल. आता ती डबा दुसऱ्यांबरोबर खाते. मी स्टिकर डिलीट केलं तरी बोलत नाही. – आठवी, अकोला

उत्तर : कारण तू तुझ्या फोनमधून काढलंस, बाकीच्यांनी सेव्ह केलेलं त्यांच्याकडे तसंच आहे आणि तिला ते माहीत आहे. ज्या ग्रुपवर टाकलं होतंस त्याच ग्रुपवर लिही की मी हे करायला नको होतं, ज्यांच्याकडे असेल त्यांनी काढा. मग एकेकाला विचार, काढलंस का. कंटाळा येईल, तरी विचार. आणि उद्या डब्याच्या सुट्टीत तिच्याजवळ जाऊन बस, ती बोलली नाही तरी.