डावखुऱ्यानं कोणती बुलपप घ्यावी?

भाऊ, अमेरिकेत कोणती घ्यावी म्हणून विचारताना टॅव्होर एक्स-९५, स्टायर ऑग आणि हेलियन या तीन बुलपप रायफलींच्या किमती न् वजनं मांडलीस आणि डावखुरा आहेस हे मात्र अगदी शेवटी सांगितलंस! अरे, तुझा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

बुलपपमध्ये मॅगझिन (गोळ्यांचा डबा) आणि बोल्ट (गोळी नळीत सरकवणारा न् रिकामं खोकं बाहेर ओढणारा भाग) ट्रिगरच्या मागे, खांद्याला टेकणाऱ्या बटातच असतात. म्हणून बॅरल न कापता रायफल आखूड होते. पण गोळीचं रिकामं खोकं बाहेर उडतं ती खिडकी गालाशी येते. उजव्या बाजूनं फेकणारी रायफल डाव्या खांद्याला लावली की गरम खोकं तोंडावर. फौजेत असताना टॅव्होर हाताळली आहे मी. एकदा आडोशामागून खांदा बदलायचा शहाणपणा केला न् गालावर डाग घेऊन आलो. बायको अजून चिडवते.

एक्स-९५ डावी, म्हणजे डावीकडून खोकं फेकणारी, करता येते, पण डावा बोल्ट वेगळा घ्यावा लागतो. ऑगचंही तसंच, पण तिथं एक गोम आहे. एआर-१५ या दुसऱ्या रायफलची मॅगझिन घेणारी तिची 'नाटो' आवृत्ती डावी होतच नाही. मॅगझिन सहज मिळतात म्हणून दुकानदार नेमकी तीच पुढं करेल. भुलू नको.

हेलियन म्हणजे क्रोएशियाच्या फौजेची व्हीएचएस-२, फक्त सेमी-ऑटो, म्हणजे एका दाबाला एकच गोळी. तिची फेकण्याची बाजू घरच्या घरी बदलते, जादा बोल्ट लागत नाही. माझं मत तिलाच. केल-टेक कंपनीची आरडीबी ही बुलपप तू यादीत धरलीच नाहीस. ती खोकं सरळ खाली टाकते, डावं-उजवं भांडणच नाही.

ट्रिगरचं म्हणशील तर तो पुढं आणि बोल्ट मागं, मध्ये लांब दांडी. दाबताना थोडा ढिला लागणारच.

ग्रीन कार्ड झालंय म्हणतोस, मग तिथं घेणं ठीक. नागपूरला आणायचं मात्र डोक्यातून काढ. सेमी-ऑटो रायफल इथं साध्या लायसन्सवर मिळत नाही.

दुकानात रिकामी रायफल डाव्या खांद्याला लाव आणि न बघता मॅगझिन बदलून पाहा. ते पार बगलेशी येतं, कोपर अडतं. तुझ्यासारख्या लांब हाताच्या माणसाला तर जास्तच.