कृषी पर्यटन सुरू करण्याआधी जमिनीचे कागद बघा

भाऊ, काटोल रोडची तुमची संत्र्याची बाग लोकांना दाखवायचं मनात आहे, याचा मनापासून आनंद झाला. पण खोल्यांचा पाया खोदायची घाई करू नका.

आधी सातबारा नीट वाचा. भोगवटादार वर्ग 2 (म्हणजे सरकारी अटी असलेली जमीन) लिहिलं असेल तर बांधकामाचा विचार तिथेच थांबवा आणि तहसीलला जाऊन त्या जमिनीवरच्या अटी समजून घ्या. वर्ग 1 (अशा अटी नसलेली) असेल तर पुढचं काम झोन दाखल्याचं, म्हणजे आराखड्यात ती जमीन कोणत्या वापरासाठी आहे हे सांगणाऱ्या कागदाचं. गाव नागपूर महानगर क्षेत्रात येत असेल तर तो एनएमआरडीएकडून (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) मिळतो. गट नंबर देऊन लेखीच घ्या. दलालाच्या मोबाइलमधला नकाशा पुरावा होत नाही. उमरेड-कऱ्हांडला किंवा पेंचच्या जंगलाजवळ जमीन असेल तर इको-सेन्सिटिव्ह झोनही (संरक्षित जंगलाभोवतीचा निर्बंध असलेला पट्टा) तपासा.

राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते आणि किमान एक एकर शेती लागते. नोंदणीचं प्रमाणपत्र म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. अनेकजण इथेच फसतात, म्हणून पुन्हा सांगतो: दोन्ही वेगळे कागद आहेत.

सगळी जमीन एनए (बिगरशेती) करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. बाग शेतीच राहू द्या. पाहुणे तिच्यासाठीच येतात. पहिल्या हंगामात फक्त दिवसाची सहल ठेवा: संत्रा तोडणी, झुणका-भाकर, सावलीची जागा, स्वच्छ शौचालय. मुक्कामाच्या सोयीचं, बांधकाम परवानगी हातात आल्यावर बघा. मे महिन्यात मात्र बुकिंग घेऊ नका, नागपूरचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे.