लाकूडवाहू लाईन लिडारवर १०० मीटर सरकलेली दिसते? आधी डेटम तपासा

कॅलिफोर्नियातल्या मॅक्लाउड या लाकूडवाहू रेल्वेच्या जुन्या फाट्याची नकाशावरची रेघ लिडारमधल्या (विमानातून लेसरने मोजलेल्या जमिनीच्या चित्रातल्या) कटिंगपासून, म्हणजे डोंगर कापून केलेल्या वाटेपासून, साधारण १०० मीटर पूर्वेला पडते, म्हणून तुम्ही ती हाताने सरकवून घेतलीत. कृपया ते परत फिरवा. हे दुखणं माझ्या चांगल्या ओळखीचं आहे: बहुधा डेटमचं, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजतात त्याचं. क्यूजीआयएस या नकाशाच्या प्रोग्राममध्ये नकाशा कसा चढवायचा ते तुम्हाला येतंच, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

बहुतेक जुन्या पंधरा मिनिटांच्या (पाव अंश व्यापणाऱ्या) नकाशांचे कोपरे नॅड २७ (उत्तर अमेरिकेचा १९२७चा डेटम) मध्ये असतात, लिडार नॅड ८३ (१९८३चा) मध्ये. मॅक्लाउडजवळच्या शास्ता पर्वताच्या परिसरात या दोन्हींत रेखांशाचा फरक जवळपास ४ सेकंद, म्हणजे ९०-९५ मीटर. कोपऱ्याचे आकडे नॅड ८३ समजून टाकले की अख्खा नकाशा तेवढाच पूर्वेला जातो. ३० टक्के उताराच्या डोंगरावर म्हणजे सुमारे २८ मीटर उंचीचा फरक, आणि तिथे दुसराच एखादा ट्रॅक्टरचा रस्ता हमखास सापडतो. रेघ त्यावर चपखल बसते आणि माणूस खूश होतो! खरी गोम इथे आहे.

उपाय: कोपरे ईपीएसजी ४२६७ (नॅड २७चा कोड) मध्ये द्या, मग २६९१० (नॅड ८३, यूटीएम झोन १०) मध्ये बदला, आणि बदलताना नॅडकॉन ग्रिडचाच (दोन डेटममधल्या फरकाच्या तक्त्याचा) पर्याय निवडा. ग्रिड नसेल तर प्रोग्राम कधीकधी काहीच न सरकवता गप्प बसतो. १९२७ पूर्वीचा नकाशा असेल तर कोपऱ्यांवर विसंबू नका. सेक्शनचे (सरकारी मोजणीतल्या एक मैलाच्या चौकोनांचे) कोपरे आणि ओढ्यांचे संगम धरा.

डेटम छापलेला असतो समासात. एका कार्यालयाने पैसे घेऊन स्कॅन दिले ते समास कापून, 'नकाशा तर पूर्ण आहे' असं वर ऐकवून. मागणी करतानाच 'समासासकट' असं लिहून द्या, फोनवरचं कोणी ऐकत नाही.

रेघ बसली की तिचं प्रोफाइल, म्हणजे उंचीचा आलेख, काढा. रेल्वेचा चढ एकसारखा असतो, मधे खळगे नसतात. मॅक्लाउडच्या मुख्य लाईनीलाच २५ ला १ चढ होता; 'शे' (Shay) जातीची, गिअरवर चालणारी इंजिनं असलेल्या फाट्यांवर याहून तीव्र चढही चालायचा. ट्रकचा रस्ता हेअरपिनने वळतो, रेल्वे मात्र रिव्हर्सिंगला (गाडी थांबून उलट दिशेने चढते तिथे) वळणापुढे सरळ जाऊन संपते. मॅक्लाउड लाईनीवरच्या सिग्नल ब्यूटला अशी शेपटी शोधा. लिडारच्या चित्रातली सावली एकाच दिशेची ठेवू नका, प्रकाशाच्या दिशेला समांतर कटिंग त्यात बुडतं. स्लीपरचे ठसे १ मीटरच्या लिडारात दिसणार नाहीत, ते पायीच.

माझं मत, सर्वेअरचं नाही: तिथली लाव्हाची जमीन पाणी पिऊन टाकते, त्यामुळे वाहते ओढे कमी. ट्रेसलच्या (ओढ्यांवरच्या लाकडी पुलांच्या) खुणांपेक्षा इंजिनाला पाणी कुठून मिळत असेल ते आधी पाहा. वॉशिंग्टन राज्यातल्या सेंट हेलेन्स ज्वालामुखीकडे टूटल नदीच्या खोऱ्यात शोधत असाल तर १८ मे १९८० च्या उद्रेकानंतरचा लिडार तळाशी कुचकामी. गाळाने बरंच गाडलंय, त्याआधीचे हवाई फोटो लागतील.

नकाशाचं साल आणि चारही कोपऱ्यांचे आकडे टाका, मग पुढचं पाहू.