१७ नंबरचा फॉर्म भरून दहावी देताना गणिताचा अभ्यास घरच्या घरी होऊ शकतो का?

नववीनंतर शाळा सुटली, आता दुकानातील नोकरी सांभाळून बाहेरून दहावी द्यायची आहे, क्लास लावणे परवडणारे नाही आणि सर्वांत मोठी धास्ती गणिताची आहे, असे आपण लिहिले आहे. मी रात्रशाळेत गणित शिकवते आणि आपल्यासारखे खाजगी विद्यार्थीही शंका घेऊन माझ्याकडे येत असतात. त्या अनुभवावरून सांगते की गणित घरी होते. मात्र त्याची सुरुवात दहावीच्या पुस्तकापासून करू नये.

आधी कागदपत्रांचे पाहू. बाहेरून परीक्षेला बसण्यासाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो आणि त्याच्या तारखा परीक्षेच्या कितीतरी आधी, पावसाळ्याच्या सुमारासच जाहीर होतात. फेब्रुवारी-मार्चची परीक्षा म्हणून दिवाळीनंतर चौकशी करणाऱ्यांचे वर्ष वाया जाते. शाळा सोडल्याचा मूळ दाखला शोधून ठेवा. तो हरवला असेल, तर द्वितीय प्रत आणि प्रतिज्ञापत्र लागते, आणि जुन्या शाळेतून द्वितीय प्रत मिळवण्यास वेळ लागतो. फॉर्म भरताना निवडलेली शाळा हे आपले संपर्क केंद्र असते. गणिताच्या १०० गुणांपैकी ८० लेखी परीक्षेचे असतात, ४० बीजगणिताचे आणि ४० भूमितीचे. उरलेले २० अंतर्गत मूल्यमापनाचे असून ते या केंद्रामार्फत मिळतात. फॉर्म भरला की परीक्षेपर्यंत शाळेचे तोंड पाहायचे नाही, असा अनेकांचा समज असतो. आपण तसे करू नका. केंद्रावर जाऊन संबंधित शिक्षकांना भेटा, काय आणि केव्हा सादर करायचे ते विचारून घ्या.

एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, मार्गही आहे, परंतु नववीपर्यंत बालभारतीची पुस्तके शिकलेल्या माणसाला त्याच परिभाषेत पुढे जाणे सोपे पडते, म्हणून मी आपल्याला राज्य मंडळच सुचवीन. बालभारतीच्या संकेतस्थळावर ही पुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात.

आता प्रत्यक्ष अभ्यास. शाळा सोडून बरीच वर्षे झालेल्या माणसाचे घोडे वर्गसमीकरणाशी अडले, तरी खरी अडचण बहुधा त्याच्या मागे, अपूर्णांकांच्या बेरजेत, ऋण संख्यांच्या चिन्हांत किंवा अवयव पाडण्यात असते. म्हणून सातवी आणि आठवीची पुस्तके आधी घ्या, प्रत्येक सरावसंचातील काही उदाहरणे वहीत सोडवा आणि जिथे हात अडखळेल तिथेच थांबून ते प्रकरण पक्के करा. परीक्षेत गणकयंत्र वापरता येत नाही, त्यामुळे दुकानात कॅल्क्युलेटरची सवय झालेली असल्यास आकडेमोडही हातानेच करू लागा.

बीजगणित भाग १ मध्ये सहाच प्रकरणे आहेत. त्यांतील 'अर्थनियोजन' आपण सर्वांत आधी करावे असे मला वाटते, कारण त्यात जीएसटी आहे, आणि बिलावर केंद्राचा व राज्याचा कर निम्मा निम्मा कसा दाखवतात हे आपण रोज पाहत असाल. परिचयाच्या गोष्टीतून गुण मिळू लागले की भीती कमी होते, हे मी वारंवार पाहिले आहे.

भूमितीत मात्र एकट्याने शिकणारे लोक वेगळ्याच ठिकाणी गुण गमावतात. आकृती समजते, उत्तर येते, पण सिद्धता लिहिता येत नाही. प्रमाणाचे मूलभूत प्रमेय पाहा: त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर असलेली रेषा उरलेल्या दोन बाजूंना भिन्न बिंदूंत छेदत असेल, तर ती त्या बाजूंना एकाच प्रमाणात विभागते. वाचताना हे उघडच वाटते. लिहिताना मात्र पक्ष (दिलेली माहिती), साध्य (सिद्ध करायचे विधान) आणि रचना मांडून मग सिद्धतेत दाखवावे लागते की रचनेतून तयार झालेल्या दोन त्रिकोणांचा पाया एकच आहे, त्यांचे शिरोबिंदू पायाला समांतर असलेल्या एकाच रेषेवर असल्यामुळे उंची समान आहे, म्हणून क्षेत्रफळे समान आहेत. आणि प्रत्येक पायरीसमोर तिचे कारण कंसात लिहावे लागते. हे नुसते वाचून किंवा व्हिडिओ पाहून येत नाही. पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर, सिद्धता पुन्हा पुन्हा लिहावी लागते. प्रश्नपत्रिकेत 'कृती पूर्ण करा' हा प्रकार असतो, त्यात हीच कारणे रिकाम्या चौकटींत भरायची असतात, त्यामुळे ही मेहनत दुप्पट कामी येते.

परीक्षेच्या आधीचे काही आठवडे जुन्या प्रश्नपत्रिकांसाठी ठेवा आणि प्रत्येक पेपर घड्याळ लावून दोन तासांत सोडवा. सोडवलेले पेपर शक्य झाल्यास संपर्क केंद्रातील गणिताच्या शिक्षकांना दाखवा, कारण पायरी कोठे सुटली हे स्वतःच्या लेखनात सहसा दिसत नाही.