खाटेचे पैसे की माणसाचे? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : दादा नमस्कार. आमचं ग्वाल्हेरच्या लश्कर भागात छोटं मंडळ आहे, ट्रस्ट म्हणून रजिस्टर्ड, काम म्हणाल तर गणपती, हळदीकुंकू आणि मुलांना वह्या, बस. मागच्या थंडीत पडावकडे पुलाखाली दोन म्हातारे फौजी झोपलेले दिसले, एक भिंडकडचे, एक मुरैन्याचे, घरात पटत नाही म्हणून निघालेले. त्यांना आम्ही वाड्याच्या मागच्या दोन खोल्यांत ठेवून घेतलंय. माझा भाचा टेक्सासला असतो, तो म्हणतो मामी इकडे तर बेघर माजी सैनिकांना ठेवणाऱ्या संस्थेला सरकार बेडमागे रोजचे पैसे देतं, तुम्ही अर्ज का नाही करत? आता दोघांचं जेवण, औषधं, खर्च वाढतच चाललाय. आपल्याकडे अशी ग्रांट आहे का, आणि कुठे मागायची? — लश्करातली एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : ताई, भाचा खोटं बोलत नाहीये. अमेरिकेत माजी सैनिकांचं जे सरकारी खातं आहे, व्हेटरन्स अफेअर्स, त्यांची ग्रांट अँड पर डायम नावाची स्कीम 1994 पासून चालू आहे. संस्थेने खाटा ठेवायच्या, माजी सैनिक त्यावर जितक्या रात्री राहिला तितक्या दिवसांचे पैसे मागायचे, साधारण 24 महिन्यांपर्यंत, कारण कायमचं ठेवून घ्यायचं नसून पुढे स्वतःच्या घरात पोचवायचं असं त्यांचं गणित आहे. इमारत विकत घ्यायला किंवा दुरुस्त करायला वेगळी ग्रांट निघते तेव्हा 65 टक्क्यांपर्यंत सरकार देतं, उरलेले 35 संस्थेने आणायचे. दुसऱ्या एका स्कीममध्ये संस्थेला पैसे मिळतात ते कुटुंब रस्त्यावर येण्याआधीच भाडं भरून सावरायला, आणि तिसरीकडे भाड्याचं व्हाउचर थेट माणसाच्या हातात. या सगळ्याचा परिणाम दिसतो बरं का, जानेवारी 2010 च्या मोजणीत तिथे 74 हजारांवर माजी सैनिक बेघर होते, जानेवारी 2024 मध्ये 32,882.

पण हे पैसेही आधी खर्च करा, हिशोब दाखवा, मग घ्या अशा पद्धतीचे असतात, खात्याचे लोक येऊन खोल्या बघून जातात, हे भाच्याने सांगितलं नसणार.

आता आपलं. इथे सरकारचा पैसा खाटेला नाही, माणसाला मिळतो. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे चक्कर वाचतात. दिल्लीचं केंद्रीय सैनिक बोर्ड काही संस्थांना पैसे देतं, खडकी आणि मोहालीची पॅराप्लेजिक, म्हणजे कमरेखाली लुळे पडलेल्या जवानांची केंद्रं, दिव्यांगांची चेशायर होम्स वगैरे, पण त्या वर्षानुवर्षांच्या ठरलेल्या संस्था आहेत. दोन खोल्यांचा वाडा घेऊन आपण तिथे गेलो तर चहा मिळेल, ग्रांट नाही.

म्हणून वाड्याचं सोडा आणि त्या दोघांचं आधी बघा. पहिला प्रश्न एकच, पेन्शन आहे की नाही? आणि लगेच दुसरा, एटीएम कार्ड कोणाकडे आहे? हसू नका. मी दोन वर्षांपूर्वी एका बाबांना घेऊन सैनिक बोर्डात गेलो होतो, माणूस पुलाखाली राहायचा, उशाशी प्लास्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळतं ते), त्याला वर तीन रबरबँड, आतलं पहिलं पान ओलं होऊन चिकटलेलं, आम्ही ते ब्लेडने सोडवलं. मला वाटलं यांना काहीच मिळत नसेल. तिथल्या बाबूने नंबर टाकला तर पेन्शन दर महिन्याला जमा होत होती, कार्ड गावाकडे मुलाच्या पाकिटात. बाबांना हे माहीत होतं! फक्त सांगायची लाज वाटत होती. तेव्हा विचाराल ते सगळ्यांसमोर विचारू नका, जेवण झाल्यावर एकेकट्याला.

पेन्शन असेल आणि कार्ड दुसऱ्याकडे असेल तर बँकेत स्वतः नेऊन कार्ड ब्लॉक, नवीन कार्ड, मोबाईल नंबर बदल. मुलं सांभाळत नसतील तर 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे, एसडीएम म्हणजे प्रांताकडच्या ट्रिब्युनलमध्ये अर्ज करता येतो, पण भिंडकडचे म्हातारे मुलावर केस करतील असं मला वाटत नाही, कार्ड परत आलं तरी पुष्कळ. आणि मग ते मंडळाला खर्चाला काही देतो म्हणाले तर पावती फाडून घ्या, त्यांचं कार्ड आपल्याकडे मात्र अजिबात ठेवू नका, नाहीतर तो मुलगा आणि तुम्ही यात लोकांना फरक दिसणार नाही.

पेन्शन नसेल तर? जवानाला साधारण 15 वर्षं सर्व्हिस झाल्याशिवाय पेन्शन लागत नाही, त्यामुळे आधी सुटलेले बरेच जण कोरडेच राहतात. त्यांच्यासाठी पेन्युरी ग्रांट आहे. वय 65 च्या वर, हवालदार किंवा खालची रँक, पेन्शन नाही, दुसरं नियमित उत्पन्न नाही, अशा माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला महिन्याला पैसे, हयात असेपर्यंत. आधी 4,000 मिळायचे, 1 नोव्हेंबर 2025 पासून केलेल्या अर्जांना 8,000 झालेत. शाळेत 7 डिसेंबरला खिशावर टाचणीने लावायचो ना तो कागदी झेंडा, त्याच ध्वजदिन निधीतून हे पैसे येतात. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पुढे जातो, आपण ज्याला सैनिक बोर्ड म्हणतो ते. डिस्चार्ज बुक, माजी सैनिकाचं ओळखपत्र, आधार, पासबुक एवढं तरी घेऊन जा.

दोघांचे मिळून 16,000 होतात की ताई, बेडच्या हिशोबानेच बघायचं तर.

डिस्चार्ज बुक हरवलं असेल तर पोलिसात नोंद, ॲफिडेव्हिट आणि सैनिक बोर्डामार्फत त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र. कुठली रेजिमेंट ते विचारा, महार असेल तर आपल्या सागरलाच आहे, ग्रेनेडियर्स किंवा सिग्नल्स म्हटलं तर जबलपूर, राजपूत असेल तर फतेहगढ. म्हातारे गाव विसरतील पण सर्व्हिस नंबर विसरत नाहीत, तो लिहून घ्या. एक मात्र, डिसमिस झालेल्याला यातलं काही मिळत नाही.

औषधांचं, वय 70 झालं असेल तर उत्पन्न न बघता आयुष्मानचं वय वंदना कार्ड निघतं, 5 लाखांपर्यंत, पण ते हॉस्पिटलात भरती झाल्यावर. रोजच्या गोळ्या जनऔषधी दुकानातून.

राहिला वाडा. ज्येष्ठांचं वसतिगृह चालवायला केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याची अटल वयो अभ्युदय योजना आहे, ती फौजी-बिगरफौजी बघत नाही, पण किमान 25 निराधार ज्येष्ठ ठेवायला लागतात, तुमच्या दोन खोल्यांत ते कसे मावणार. सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्या नफ्यातून समाजकामाला देतात त्या पैशात, दम आहे. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात माजी सैनिक आणि वीरपत्नींसाठीचं काम स्पष्ट लिहिलंय, आणि मालनपूर, बानमोरचे कारखाने आपल्या उंबरठ्यावर आहेत. त्यासाठी ट्रस्टला इन्कम टॅक्सची 12ए, 80जी नोंदणी आणि कंपनी खात्याकडचा सीएसआर-1 नंबर पाहिजे, वर अशाच कामाचा 3 वर्षांचा रेकॉर्ड. हळदीकुंकवाचा रेकॉर्ड चालत नाही. म्हणून आजपासून रजिस्टर घाला, कोण कधी आलं, काय खाल्लं, डॉक्टरकडे कधी नेलं, बिलं फायलीला. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नावही आत्ताच टाकून ठेवा, फुकट आहे, केंद्राच्या कुठल्याही ग्रांटला तो नंबर मागतातच.

आणि कोणी "ग्रांट पास करून देतो, 20 टक्के द्या" म्हणत आला तर दारातूनच परत पाठवा. मी एकदा आमच्या सोसायटीच्या कामात असल्याला 5,000 देऊन बसलोय, त्याचा फोन आजपर्यंत लागत नाही.

प्रश्न : भाच्याच्या ऑफिसातले लोक वर्गणी काढून आमच्या वाड्यासाठी डॉलर पाठवायचं म्हणतायत. ट्रस्टच्या खात्यात घेतले तर चालतील ना? — तीच वाचक (वरच्या उत्तरानंतर फोनवर)

उत्तर : नाही! थांबा. परदेशी माणसाचा पैसा घ्यायला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची परवानगी लागते, त्याच्या रजिस्ट्रेशनला संस्था 3 वर्षं जुनी आणि तेवढ्यात 15 लाख कामावर खर्च झालेले पाहिजेत, शिवाय खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मेन ब्रँचला उघडायचं. हे न करता 100 डॉलर जरी आले तरी गोत्यात याल. पण भाच्याचा पासपोर्ट अजून भारताचा आहे का? ग्रीन कार्ड असलं तरी हरकत नाही, पासपोर्ट बघायचा. भारतीय नागरिकाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परदेशी धरत नाहीत. सिटिझन झाला असेल, अगदी ओसीआय (परदेशस्थ मूळ भारतीयांचं) कार्ड असेल, तरी तो परदेशीच. आणि ऑफिसच्या लोकांची वर्गणी भाच्याच्या नावाने फिरवून आणायची हुशारी करू नका, तेही त्यात मोडतं.

प्रश्न : आमचे सासरे सुभेदार म्हणून रिटायर झाले, मुरारला आमच्याजवळच राहतात. तीन महिने पेन्शन आली नाही, बँक म्हणते आमच्या हातात काही नाही. त्यांच्या अंगठ्याचा ठसा मशीनवर येतच नाही. काय करावं? — मुरारची सून

उत्तर : बहुतेक हयातीचा दाखला राहिला असणार. आता फौजेची पेन्शन संरक्षण खात्याच्या स्पर्श पोर्टलवरून येते म्हणून बँक हात वर करते. वर्षातून एकदा आयडेंटिफिकेशन झालं नाही की पेन्शन थांबते, पण बुडत नाही, दाखला लागला की मागचे महिने जमा होतात. ठशाचं म्हणाल तर शेती नाहीतर फौज केलेल्यांचे अंगठे घासलेलेच असतात, ते मशीन सोडा. मोबाईलवर जीवन प्रमाण आणि आधारचं फेस ॲप टाका, सासऱ्यांना खिडकीकडे तोंड करून बसवा, चष्मा काढा, डोळे मिचकवायला सांगा, झालं. फक्त पेन्शन देणारं ऑफिस निवडताना स्पर्शचंच निवडा, तिथे चूक झाली की दाखला भलत्याच ऑफिसात जाऊन पडतो आणि आपण समजतो काम झालं. पीपीओ (पेन्शनच्या ऑर्डरचा) नंबर जुना की नवा ते स्पर्शच्या कागदावर बघून टाका.