घरच्या साध्या मिक्सरमध्ये आंबा-अननस-केळ्याची स्मूदी दाट कशी करायची? मी दूध आणि बर्फ घालून करते, पण ती पाणचट होते आणि थोड्या वेळाने कडू लागते. खास ब्लेंडर घ्यावा लागेल का?

ब्लेंडर नको. तुम्ही लिहिलंय त्यावरून दोन वेगळ्या भानगडी दिसतात: पाणचटपणा बर्फामुळे आणि कडूपणा अननस-दुधाच्या जोडीमुळे. मिक्सर बिचारा यात कुठेच नाही.

आधी कडूपणाचं बघू. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं आणि प्रथिनं तोडणं हेच त्याचं काम. अननस जास्त खाल्ला की जीभ चुरचुरते, त्यातही त्याचा हात असतो. दुधात पडलं की ते दुधातल्या प्रथिनांचे तुकडे पाडायला लागतं आणि त्यातले काही तुकडे चवीला चक्क कडू असतात. म्हणून मिक्सरमधून काढल्याकाढल्या तुमची स्मूदी बरी लागते आणि फ्रिजमध्ये ठेवून नंतर प्यायला घेतली की तोंड वाकडं होतं. दुधाऐवजी दही घातलं तरी तेच. किवीचंही असंच आणि पपई-दूधसुद्धा केल्याबरोबर संपवायचं असतं. आंबा, केळं, चिकू यांना ही खोड नाही. शिकरण आपण पिढ्यानपिढ्या खातोय, ती काही कडू होत नाही.

यावर उपाय दोन. दूध हवंच असेल तर अननसाच्या फोडी चमचाभर साखर घालून पाच-सात मिनिटं चांगल्या उकळून घ्या आणि पूर्ण गार करून वापरा. उष्णतेने एन्झाइम निकामी होतं. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, त्यामुळे तो दुधात बिनधास्त चालतो. पण शिजवला की अननसाचा तो कच्चा, नाकात शिरणारा वास जातो आणि शिऱ्यातल्या अननसासारखी चव येते. मला ते पटत नाही. म्हणून मी दूधच काढून टाकते आणि नारळ घेते. अननस आणि नारळ ही जोडी कोकणापासून केरळपर्यंत शेजारीशेजारी वाढते, ग्लासातही तिचं छान जमतं.

नारळाचं दूध टेट्रापॅकमधलं चालेल. घरी काढायचं तर वाटीभर खोवलेला नारळ अर्धी वाटी कोमट पाण्यात फिरवून फडक्यातून पिळा. मात्र हे दाट दूध थेट गोठलेल्या फोडींवर ओतू नका. नारळाची चरबी साधारण २४ अंशांच्या खाली थिजते, मग स्मूदीत मेणासारखे बारीक कण जिभेला लागतात. निम्मं नारळाचं दूध आणि निम्मं शहाळ्याचं पाणी घेतलं की हा त्रास जवळपास जातो. शहाळेवाल्याकडून मलईवालं शहाळं घेतलं तर प्रश्नच मिटला. पाणी आणि मलई दोन्ही भांड्यात टाका, नारळाचं दूध लागतच नाही. माझ्या मते सगळ्यात चांगली स्मूदी हीच.

आता पाणचटपणा. बर्फ म्हणजे शेवटी पाणीच, फिरवताना निम्मा वितळतो आणि फळाची चव पातळ करतो. गारवा फळातूनच आला पाहिजे, म्हणजे फळ गोठवून वापरायचं. केळी चांगली पिकू द्या, सालीवर काळे ठिपके यायला लागले की सोलून चकत्या करा. (सालीसकट गोठवाल तर नंतर ती साल सुरीने खरवडत बसावं लागतं.) आंबा आणि अननसाच्या फोडी बोटाच्या पेराएवढ्या करा. अननसाचा मधला दांडा काढा, तो मिक्सरमध्ये नीट वाटला जात नाही आणि घोटाघोटाला चोथा येतो. सगळं स्टीलच्या ताटात एकमेकांना न चिकटता पसरून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि कडक झालं की पिशवीत भरा. थेट पिशवीत कोंबलंत तर सकाळी एक अखंड दगड हाती येतो आणि तो वरवंट्याने फोडावा लागतो.

दोन मोठ्या ग्लासांसाठी माझं प्रमाण: गोठवलेला आंबा एक वाटी, गोठवलेला अननस अर्धी वाटी, एक गोठवलेलं केळं, पाऊण वाटी पातळ पदार्थ (शहाळ्याचं पाणी आणि नारळाचं दूध मिळून), अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, त्याने आंबा जास्त आंब्यासारखा लागतो. आवडत असेल तर आल्याचा छोटा तुकडा किसून घाला. साखर आधी घालूच नका, चाखून मग ठरवा. केळं दाटपणासाठी आहे. वेलची केळी असतील तर दोन-तीन घ्या. केळं वाढवत गेलात की मात्र बाकी सगळ्यांची चव दबते.

आंबा कुठला? एप्रिल-मेमध्ये हापूस फ्रीजरमध्ये टाकायला मन होत नसेल तर पायरी किंवा केशर घ्या, काही बिघडत नाही. डागाळलेला, जरा जास्त पिकलेला हापूस स्वस्तात मिळाला तर तोच घ्या, स्मूदीत डाग कोण बघतंय! मोसम संपला की आमरसाचा डबा आहेच, पण बहुतेक डब्यांत साखर असते, तेव्हा लेबल वाचा. हा रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून त्याचे खडे वापरले की स्मूदी दाटच राहते. अननस घेताना बुडाशी वास घेऊन बघा. झाडावरून उतरवल्यावर तो मऊ होतो, पिवळाही होतो, पण गोड होत नाही, त्यामुळे आंबट निघालेला अननस चार दिवस ठेवून काही हाती लागत नाही.

मिक्सरचं म्हणाल तर क्रम महत्त्वाचा. चटणीचं नको, मोठं भांडं घ्या. आधी पातळ पदार्थ, मग आंबा-केळं, सगळ्यात वर अननस. गोठलेल्या फोडी पाच मिनिटं बाहेर राहू द्या, कडा जरा ओल्या दिसायला लागल्या की मिक्सर सुरू करा. पहिल्यांदा बटण उलट्या बाजूला फिरवून चार-पाच झटके द्या, नुसते झटके. मग कमी वेगावर. सुरुवातीला खडखड होईल, ती थांबून एकसारखी घरघर ऐकू आली की वेग वाढवा आणि अर्ध्या मिनिटात बंद करा. मध्येच आवाज एकदम हलका झाला, पातं रिकामं फिरतंय असं वाटलं, तर फोडींच्या खाली हवेची पोकळी झालेली असते. मिक्सर बंद करून, भांडं काढून, चमच्याने फळ खाली ढकला. अशा वेळी पाणी ओतायचा मोह होतो, तो आवरा. फार तर दोन चमचे शहाळ्याचं पाणी घाला.

उरली तर कुल्फीच्या साच्यात ओतून गोठवा, मुलं आवडीने खातात. डब्यात न्यायची असेल तर बाटली गळ्यापर्यंत भरा. वर हवा राहिली की केळं काळपट पडतं. लिंबाने ते थोडं लांबतं, पण दुपारपर्यंत रंग उतरणारच.

आणि फिरवताना मिक्सर अचानक बंद पडला तर मेकॅनिकला फोन करू नका. लोड जास्त झाला की बहुतेक मिक्सर आपणहून थांबतात. प्लग काढा, दहा-पंधरा मिनिटं मोटर गार होऊ द्या, मिक्सर आडवा करून बुडाशी असलेलं छोटं लाल बटण आत दाबा आणि भांड्यातलं थोडं फळ कमी करून पुन्हा लावा.